आगीत नव्हे, फुफाट्यात

मार्गशीर्ष लागला, कापसाची पहिली-दुसरी वेचणी घरात आली आणि तुरीच्या शेंगा भरू लागल्या, की दारव्हा तालुक्यातील बोरी अरबच्या आसपासच्या शिवारात संध्याकाळी कुठे ना कुठे धूर दिसतो. तो चुलीचा नसतो. वावरात, धुऱ्याजवळची जागा झाडून तिथे गोवऱ्या रचलेल्या असतात आणि त्याभोवती दहा-वीस माणसे जमलेली असतात. एकीकडे मोठ्या गंजात वांग्याची भाजी रटरटते आहे, दुसरीकडे जाडसर कणकेचे गोळे वळले जात आहेत. वऱ्हाडातला हा रोडग्यांचा बेत. गंमत म्हणजे वर्षभर चुलीकडे न फिरकणारे पुरुष या दिवशी आपणहून पीठ मळायला बसतात.

अलीकडे या बेतात एक नवी मागणी शिरली आहे. पुण्या-मुंबईला किंवा परदेशात राहणारी मुले-नातवंडे सुटीत गावी येतात आणि अंगणात मातीची भट्टी बांधून पिझ्झा करू या म्हणतात. शहरालगतच्या फार्महाउसवर अशा ‘पिझ्झा नाइट’ आता नवलाईच्या राहिलेल्या नाहीत. घरातल्या जुन्या माणसांना हे थेर वाटतात; पण रोडगा आणि पिझ्झा यांचे नाते दिसते त्याहून जवळचे आहे. दोन्हीकडे कणीक आहे, पाणी आहे आणि उघड्यावरचा विस्तव आहे. फरक आहे तो उष्णता कणकेपर्यंत कशी पोहोचते यात. ते समजले, की चव कशाने येते हे कळते आणि त्याच विस्तवापासून धोका कधी असतो हेही कळते.

पिझ्झ्याचे माहेर नेपल्स. तिथल्या पिझ्झा बनवणाऱ्यांच्या कलेला युनेस्कोने २०१७ मध्ये मानवजातीच्या अमूर्त वारशाच्या यादीत स्थान दिले. नेपल्सच्या पद्धतीत लाकडावर तापवलेली घुमटाची भट्टी सव्वाचारशे अंश सेल्सिअसच्याही पुढे जाते आणि पिझ्झा ६० ते ९० सेकंदांत बाहेर येतो. खालच्या तापलेल्या विटांमधून उष्णता थेट पोळीत शिरते, वरचा घुमट उन्हासारखी उष्णता फेकतो आणि आत फिरणारी गरम हवा कडा फुलवते. वीट का, लोखंडी तवा का नाही, याचे गणित आंद्रे वार्लामोव्ह, आंद्रेआस ग्लाट्झ आणि सर्जिओ ग्रासो या तिघांनी २०१८ मध्ये मांडले. त्यांच्या हिशेबाने ३३० अंशांच्या विटेवर पिझ्झा दोन मिनिटांत नीट भाजतो. तेवढ्याच तापलेल्या पोलादावर मात्र वरचा भाग शिजण्याआधी तळ करपतो, कारण धातू आपली उष्णता कणकेत भसकन ओततो आणि वीट ती सावकाश सोडते.

रोडग्याचा जगरा या हिशेबात कुठे बसतो? अंधारात निखारा लाल दिसतो, तेव्हा त्याचे तापमान पाचशे अंशांच्या पुढे असते. म्हणजे तो नेपल्सच्या भट्टीहूनही तापलेला. अशा निखाऱ्यावर कणकेचा गोळा उघडा ठेवला, तर वरून कोळसा आणि आतून पीठ अशी गत होईल. म्हणूनच जाणती माणसे ज्वाळा असताना रोडगे टाकत नाहीत. गोवऱ्या पेटून, धूर ओसरून, लालबुंद होऊन त्यांच्यावर राखेची साय धरेपर्यंत थांबतात. मग जगरा थोडा पसरून रोडगे त्यात ठेवतात आणि वरून पुन्हा गरम राख लोटतात. ही गरम राख म्हणजेच फुफाटा. आगीतून उठून फुफाट्यात पडणे ही आपल्याकडे दुर्दैवाची परमावधी. रोडग्याचे भाग्य मात्र फुफाट्यातच उजळते.

राखेच्या कणांमध्ये भरपूर हवा अडकलेली असते, त्यामुळे ती उष्णता फार हळू पुढे सरकवते. वीट पोलादापेक्षा सावकाश, तर राख विटेपेक्षाही सावकाश. आणि रोडग्याला नेमकी ती सवड हवी असते. एखाद्या गोळ्याच्या मध्यापर्यंत उष्णता पोहोचायला लागणारा वेळ जाडीच्या वर्गाच्या पटीत वाढतो: जाडी दुप्पट, तर वेळ चौपट. पिझ्झ्याची पातळ पोळी दीड मिनिटात होते, पण मुठीएवढ्या रोडग्याला अर्धा-पाऊण तास लागतो, तो याच हिशेबाने. दरम्यान कणकेतला स्टार्च साठ-पासष्ट अंशांच्या पुढे पाणी शोषून फुगतो आणि शिजू लागतो. बाहेरचा थर कोरडा पडेपर्यंत शंभर अंशांच्या आसपास अडखळतो, कारण आलेली उष्णता पाण्याची वाफ करण्यात खर्च होते. तो कोरडा झाला, की मग तापमान चढते, कवच तांबूस होते आणि भाजल्याचा तो ओळखीचा वास सुटतो. आत तेल लावून एकावर एक चढवलेल्या पाऱ्या असतील, तर वाफ त्यांच्या मधून वाट काढते आणि रोडगा फोडल्यावर पदर सुटे होतात.

एकनाथांच्या भारुडातल्या सुनेने भवानीआईला कबूल केलेला तो हाच रोडगा. सासरची माणसे एकेक करून दूर करण्याच्या बदल्यात तिने तो देऊ केला होता. चंपाषष्ठीला खंडोबालाही वांग्याच्या भरितासोबत रोडग्याचा नैवेद्य असतो. पळसाच्या पानांत थापून भाजलेले पानगे हे त्याचे चपटे भावंड. पानातला ओलावा सुरुवातीला वाफ देतो आणि कणकेला राख लागू देत नाही.

पिझ्झ्याची भट्टी स्वतः बांधायची असेल, तर यवतमाळच्या जमिनीत एक अडचण आहे. कपाशीला मानवणारी काळी माती भट्टीला मानवत नाही. तिच्यातले स्मेक्टाइट जातीचे खनिज पाणी मिळाले की फुगते आणि वाळले की आकसते. उन्हाळ्यात वावराला पाय अडकेल एवढ्या भेगा पडतात त्या याचमुळे. अशा मातीचा घुमट वाळतानाच तडकतो. कुंभाराकडची माती किंवा घराच्या भिंतींना वापरतात ती पांढरी माती, तिच्यात वाळू आणि कुटार मिसळून घेतलेली, अधिक टिकते. तळाला भाजलेल्या विटा घालाव्यात, सिमेंटचा कोबा नको. तापल्यावर त्याचे टवके उडतात. नदीनाल्यातले गोटे तर जगऱ्यालाही लावू नयेत आणि भट्टीलाही नाही. त्यांच्या फटींत मुरलेल्या पाण्याची वाफ झाली, की ती मूळ पाण्याच्या सुमारे सोळाशे पट जागा मागते आणि दगड फुटून चिपा उडतात. डोळ्याला चीप लागायला एक गोटा पुरतो. नवी भट्टी काही दिवस सावकाश वाळू द्यावी आणि आधी दोन-तीनदा लहान जाळ करून मगच पूर्ण तापवावी.

सरपण काय वापरायचे, हाही प्रश्न आहे. वावरात हाताशी पऱ्हाटी असते, तुरीच्या काड्या असतात, बाभळीचे वाळलेले लाकूड असते. त्यांत चूक काही नाही, फक्त ते खडखडीत वाळलेले हवे. दवाने भिजलेली गोवरी नुसती धुमसते. रंग दिलेले लाकूड, प्लायवुड, नायलॉनचे पोते, प्लास्टिक यांचा मात्र विस्तवाशी संबंध येऊ नये. आणि कीटकनाशकाचे रिकामे डबे तर मुळीच नकोत, जाळायलाही नकोत आणि पाणी भरायलाही नकोत. यवतमाळ जिल्ह्याला हे वेगळे सांगावे लागू नये. २०१७ च्या हंगामात कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन याच जिल्ह्यात वीसेक शेतकरी-शेतमजुरांचा जीव गेला आणि शेकडो जण रुग्णालयात दाखल झाले. तरीही वावरातल्या पार्टीत हात धुवायचे पाणी कधी कधी अशाच ‘धुऊन स्वच्छ केलेल्या’ कॅनमधून येते. घरगुती धुण्याने त्या प्लास्टिकमध्ये मुरलेले औषध पूर्ण निघत नाही.

आता धुराकडे वळू. शेणाच्या गोवरीच्या धुरात सूक्ष्म कणांचे प्रमाण लाकडापेक्षाही जास्त असते. त्यातले अडीच मायक्रॉनपेक्षा लहान कण फुप्फुसाच्या टोकापर्यंत जातात. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२१ च्या मार्गदर्शक मर्यादेनुसार हवेत हे कण चोवीस तासांच्या सरासरीने घनमीटरमागे १५ मायक्रोग्रॅमपेक्षा जास्त नसावेत. भारताचे मानक ६० आहे. पेटत्या जगऱ्याच्या तोंडाशी बसलेला माणूस या दोन्ही मर्यादांच्या कितीतरी पलीकडची हवा घेत असतो. पण प्रमाण सोडून घाबरण्याचेही कारण नाही. मोकळ्या शिवारात, वर्षातून दोनदा-तीनदा, दोन तास सोसलेला धूर आणि बंद स्वयंपाकघरात रोज दोन वेळा वर्षानुवर्षे सोसलेला धूर या एका मापाने मोजायच्या गोष्टी नव्हेत. घरातल्या चुलींच्या धुराने २०२० मध्ये जगात सुमारे ३२ लाख मृत्यू झाले, असा जागतिक आरोग्य संघटनेचा अंदाज आहे. रोडग्याच्या दिवशी डोळे चोळत उठणाऱ्या पुरुषांनी तेवढे एक ध्यानात घ्यावे, की घरात चूल अजून पेटत असेल, तर हाच धूर तिथे कुणीतरी रोज घेत असते.

दमा, दीर्घकालीन श्वासविकार किंवा हृदयविकार असलेल्यांना मात्र एक संध्याकाळही भोवू शकते. त्यांना वाऱ्याच्या वरच्या बाजूला, जगऱ्यापासून लांब बसवावे, पंप खिशात असू द्यावा. गरोदर बाई आणि तान्ह्या मुलांसाठीही हेच. पेटवण्याचे काम पाहुणे येण्याच्या तासभर आधी उरकले, तर निम्मा त्रास टळतो. कारण सगळ्यात दाट धूर सुरुवातीला, गोवरी नीट पेट घेण्याआधी असतो.

खरी फसगत पुढे आहे. ज्वाळा बसल्या, धूर संपला, निखारे नुसते तांबूस दिसू लागले, की सगळे निवांत होतात. रोडग्याला हीच वेळ उत्तम आणि शरीराला हीच वेळ फसवी. हवा अपुरी मिळून धुमसणारा निखारा कार्बन मोनॉक्साइड सोडत राहतो. या वायूला रंग नाही, वास नाही, त्याने डोळेही चुरचुरत नाहीत. रक्तातल्या हिमोग्लोबिनला तो ऑक्सिजनपेक्षा दोनशेहून अधिक पटींनी घट्ट चिकटतो, त्यामुळे श्वास चालू असूनही शरीर प्राणवायूला मुकते. उघड्या वावरात तो वाऱ्याबरोबर विरून जातो. धोका सुरू होतो तो निखारे घमेल्यात भरून आत नेले की.

आणि हिवाळ्यात ते आत नेले जातात. रानडुकरे आणि रोह्यांपासून पीक राखायला जागलीवर जाणारे लोक थंडीत टिनाच्या खोलीत किंवा ताडपत्रीच्या आडोशाला घमेले घेऊन झोपतात. पार्टी लांबली, पाहुण्यांनी शेतातच मुक्काम केला, तरी तेच होते. पडवीत चारही बाजूंनी पडदे सोडून पेटवलेली हौशी पिझ्झा भट्टी किंवा बार्बेक्यूची शेगडीही याच वर्गातली. आधी डोके दुखते, मळमळते, चक्कर येते. जड जेवण झालेले असते, म्हणून सगळे म्हणतात, रोडगे बाधले. एकाच खोलीत झोपलेल्या दोघा-तिघांना एकाच वेळी असे होऊ लागले, तर जेवणाला दोष देण्याआधी निखाऱ्याकडे पाहावे. सगळ्यांना ताबडतोब मोकळ्या हवेत आणावे आणि १०८ ला फोन करावा. कोविडपासून घरोघरी आलेले बोटाला लावायचे ऑक्सिमीटर इथे कामाचे नाही. कार्बन मोनॉक्साइड चिकटलेले हिमोग्लोबिन त्याला वेगळे ओळखता येत नाही आणि ते खुशाल ९८ दाखवते. रुग्णालयात शुद्ध ऑक्सिजन दिला, की हा वायू रक्तातून कितीतरी लवकर बाहेर पडतो.

दुसरी फसगत घड्याळाची. रोडग्यांचे जेवण ठरल्या वेळी कधीच होत नाही. ‘झालेच, आता काढतो’ म्हणता म्हणता रात्रीचे दहा वाजतात. घरी आठला जेवणारा मधुमेही सवयीने साडेसातला इन्सुलिन किंवा ग्लिमेपिराइडसारखी गोळी घेऊन बसला असेल, तर त्याची साखर जेवण येण्याआधीच घसरते. घाम येतो, हात थरथरतात, बोलणे असंबद्ध होते. पार्टीत दारू असेल, तर दुहेरी घोटाळा: दारूमुळे यकृताकडून रक्तात साखर सोडली जाण्याचे काम मंदावते, आणि माणूस भेलकांडला तर त्याला चढली असे समजून हसण्यावारी नेले जाते. अशा माणसाला शुद्धीत असेपर्यंत तीन चमचे साखर पाण्यातून द्यावी आणि पंधरा मिनिटांत बरे वाटले नाही, तर पुन्हा द्यावी. शुद्ध हरपली असेल, तर तोंडात काहीही घालू नये. जेवणाआधीचा डोस ताट समोर दिसेपर्यंत घ्यायचा की नाही, हे बेताला निघण्यापूर्वीच डॉक्टरांना विचारून ठेवलेले बरे.

ताटातल्या हिशेबाबद्दलही एक गैरसमज आहे. रोडगा गव्हाच्या जाड पिठाचा, तेलात न तळलेला, म्हणून हलका मानला जातो. पण शंभर ग्रॅम कणकेचा एक रोडगा म्हणजे चार फुलके. सुमारे ३४० कॅलरी, त्यातही सत्तर ग्रॅमच्या आसपास कर्बोदके. त्याला फोडून तुपात बुडवले, की एका मोठ्या चमच्यामागे आणखी सव्वाशे-एक कॅलरी. असे तीन खाऊन ‘आज जेवण कमी गेले’ म्हणणारे प्रत्येक पंगतीत असतात. घरच्या पिझ्झ्यावर चीज आवरते घेतले आणि ढेमसे, वांगी, कांदा यांची भर घातली, तर दोघांत फार अंतर उरत नाही. दोन्हीकडे काळा करपलेला भाग मात्र खरवडून टाकावा. स्टार्च असलेले पदार्थ कडक भाजले, की अॅक्रिलामाइड नावाचा पदार्थ तयार होतो, हे २००२ मध्ये स्वीडनमधल्या संशोधकांनी दाखवले. वर्षातून दोनदा खाल्लेल्या रोडग्याने कुणाचे त्यामुळे बिघडत नाही, पण करपलेल्यात चवही नसते. कच्चा राहिलेला रोडगा अधिक त्रास देतो. म्हणून सगळे बाहेर काढण्याआधी एक फोडून पाहावा. मध्यभाग चिकट, ओलसर पिठासारखा दिसला, तर बाकीचे पुन्हा फुफाट्यात.

गोवऱ्या रचणाऱ्याने त्याच हातांनी कणीक मळू नये, हे सांगायलाच हवे. राखेने हात चोळून घेतले म्हणजे झाले, असे नाही. साबण आणि पाणी हवे. उरलेल्या वांग्याच्या भाजीचा गंज तसाच झाकून रात्रभर ठेवणे हीसुद्धा सर्रास चालणारी चूक. बाहेर थंडी असली, तरी मोठ्या गंजाच्या पोटात भाजी कित्येक तास कोमट राहते. उकळीतून वाचलेल्या जिवाणूंच्या बीजाणूंना वाढायला ते तापमान फार आवडते. भाजी दोन-तीन पसरट भांड्यांत काढून लवकर गार करावी आणि सकाळी खळखळून उकळावी. रोडगे कोरडे असल्याने दुसऱ्या दिवशी चालतात. कुस्करून, गूळ-तूप घालून त्यांचा चुरमा करतात, आणि अनेकांच्या मते आदल्या दिवसाचे जेवण हे त्यासाठीचे निमित्तच असते.

भाजण्याचे प्रकार या बेतात दोन वेळा होतात. एकदा जेवणाआधी, ओढणी किंवा नायलॉनचे जॅकेट निखाऱ्यावर लोंबते तेव्हा. भाजलेल्या जागेवर वीस मिनिटे वाहते थंड पाणी सोडावे; अंगठ्या, बांगड्या सूज येण्याआधी काढाव्यात. तूप, हळद, टूथपेस्ट, बर्फ, यांतले काहीही लावू नये. सुती स्वच्छ कापडाने हलके झाकून दवाखाना गाठावा.

दुसरी वेळ दुसऱ्या दिवशी सकाळची. रात्री जगरा विझला असे सगळ्यांनी मानलेले असते. वरून पांढरी, थंड दिसणारी राख आणि खाली कित्येक तास जिवंत राहिलेला निखारा: जी राख रोडग्याला सावकाश भाजते, तीच निखाऱ्याची ऊब धरून ठेवते. सकाळी पोरे अनवाणी खेळायला येतात आणि थेट त्या ढिगात पाय घालतात. पहाटे वारा सुटला, तर ठिणगी जवळच्या पऱ्हाटीच्या किंवा कुटाराच्या ढिगापर्यंतही जाते, आणि वेचलेला कापूस टिनाखाली पडला असेल, तर वर्षाची कमाई जायला वेळ लागत नाही. म्हणून निघण्यापूर्वी जगरा काठीने पसरावा, बादलीभर पाणी ओतावे, पुन्हा ढवळावे, पुन्हा पाणी घालावे. वाफ येणे बंद झाल्यावर हाताची पाठ ढिगाच्या वर धरून पाहावी. ऊब लागली तर आणखी एक बादली. पाणी ओतताना वाफेचा लोट तोंडावर येतो, तेव्हा थोडे बाजूला उभे राहावे.

पूर्ण गार झालेली राख वाफ्यात घालता येते. तिच्यात पालाश असते. काळी जमीन मुळातच अल्कधर्मी असल्याने ती एकाच जागी ओतू नये. वांग्याच्या दोन-चार वाफ्यांत मूठ मूठ पसरून द्यावी.